उल्हासचे मासे मोजायचे कसे?

वलगणीच्या दिवसांत मासे ओढ्यांतून शेतात चढू लागले की यंदा उल्हास नदीत काय आहे, याचा अंदाज कर्जत-बदलापूरकडच्या माणसाला आपसूक येतो. कागदावर मात्र हा हिशेब नीट उतरला नाही.

कर्नल साईक्स यांनी १८४१पर्यंत दख्खनच्या माशांची यादी छापली. खुद्री, नुक्ता ही माशांची स्थानिक नावं शास्त्रीय नावांत गेली ती त्यांच्यामुळे. फ्रान्सिस डे यांचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ १८७५ ते १८७८ दरम्यान आला. दोघांचा भर जातींवर होता, संख्येवर नव्हे.

पुढे ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयातल्या संशोधकांनी ठाणे खाडी आणि उल्हासचं मुख वर्षानुवर्षं अभ्यासलं. खाडीत आधार कोळ्यांच्या जाळ्यांचा. पण बोकशी, म्हणजे पिशवीसारखं जाळं, ओहोटीच्या ओढीवर भरते. मासळी कमी आली, तर मासे घटले की पाण्याला ओढ नव्हती, हे एकट्या जाळ्यावरून कळत नाही.

मोजणीचा दुसरा मार्ग विजेचा. विजेने मासे पकडण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये १८६३ सालीच इशाम बॅग्ज यांना मिळालं होतं. मोजणीसाठी विजेचा वापर विसाव्या शतकातला. ओढ्याचा तुकडा दोन्हीकडून जाळ्यांनी बंद करायचा, एकदिश प्रवाह सोडायचा. मासे धन टोकाकडे ओढले जातात, तिथे टिपून टोपलीत घ्यायचे, नोंदवायचे, शेवटी परत सोडायचे. समजा असं दोनदा केलं आणि पहिल्या फेरीत ६०, दुसऱ्या फेरीत २० मिळाले, तर पहिल्या आकड्याचा वर्ग भागिले दोन्हींतला फरक, म्हणजे त्या तुकड्यात सुमारे ९० मासे. यात खोटही आहे: मोठ्या अंगाला झटका जास्त बसतो, त्यामुळे बारीक मासे निसटतात. प्रत्यावर्ती वीज वापरली तर कणेही मोडतात.

कल्याणच्या खालच्या भरतीच्या खाऱ्या पाण्यात हे चालायचं नाही. वीज माशाला वळसा घालून पाण्यातूनच निघून जाते. तिथे बोकशीच बरी. वर कर्जतच्या बाजूला, गुडघाभर पाण्याच्या ओढ्यांत मात्र जमेल. दुर्दैवाने ग्रामीण महाराष्ट्रात वीज पाण्यात उतरते ती बहुतेकदा आकडा टाकून, मोजायला नव्हे, मारायला. त्यात पिल्लंही जातात आणि कधी माणूसही.

मत्स्यव्यवसाय विभागाने प्रशिक्षित माणसं घेऊन वरच्या उल्हासचे मोजके टप्पे ठरवावेत आणि दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने तिथले मासे मोजावेत. आणि आकडा टाकणाऱ्याला गावानेच अडवावं.