वुडमनचे ट्राय आणि कराराचा कागद

न्यूझीलंडच्या पोर्शिया वुडमन-विकलिफच्या नावावर महिला रग्बीतले बरेच विक्रम आहेत. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो आणि पाच गुण मिळतात. 2017 च्या विश्वचषकात तिने असे 13 ट्राय केले. 2022 मध्ये इंग्लंडच्या स्यू डे हिचा 19 ट्रायचा विश्वचषक-विक्रम मोडला. सात जणींच्या ‘सेव्हन्स’ प्रकारात जागतिक मालिकेत 200 ट्राय गाठणारी ती पहिली महिला. ऑलिंपिकची दोन सुवर्णे आणि एक रौप्य आहेच. घराणेही रग्बीचे, काका फ्रेड वुडमन ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या पुरुष संघाकडून, खेळलेले. एवढ्या सामग्रीवर उपजत प्रतिभेचा पोवाडा सहज रचता येतो. पण हे आकडे तारखांशेजारी ठेवले, की ही कारकीर्द कधी सुरू झाली, कुठे वळली आणि कुठे अडली, हे बहुतांशी करार आणि सामन्यांचे वेळापत्रक यांनी ठरवलेले दिसते.

पहिला पुरावा नेटबॉलचा. रग्बीच्या घरात वाढलेली ही मुलगी विशीत ऑकलंडच्या नॉर्दर्न मिस्टिक्सकडून नेटबॉल खेळत होती, कारण त्या देशात मुलीला खेळावर काही कमावण्याची वाट नेटबॉलच्या लीगमधून जात होती. तिचा जन्म 1991 चा. त्याच वर्षी महिलांचा पहिला रग्बी विश्वचषक वेल्समध्ये झाला, तोही काही उत्साही बायकांनी पदरमोड करून भरवलेला आणि आंतरराष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेशिवाय. पुढे 1998 पासून न्यूझीलंडने विश्वचषकांमागून विश्वचषक जिंकले, तरी खेळाडूंची नोकरी सुटली नव्हती. चित्र पालटले ते 2009 मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2016 च्या रिओ ऑलिंपिकसाठी सेव्हन्सला प्रवेश दिल्यावर. पदक दिसू लागले तसा सरकारी पैसा आला आणि 2012 मध्ये न्यूझीलंड रग्बीने ‘गो फॉर गोल्ड’ या नावाने देशभर मुलींच्या चाचण्या घेतल्या. वुडमन तिथून आली, तिची सहखेळाडू रुबी तुईही तिथूनच. वुडमनमधली धावपटू काही त्या वर्षी जन्मली नव्हती; तिला रग्बीत बोलावण्याचे कारण त्या वर्षी जन्मले.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की 2017 च्या 13 पैकी आठ ट्राय एकट्या हाँगकाँगविरुद्धचे आहेत. तो सामना 121-0 असा सुटला होता. मग या विक्रमाला किंमत किती? आक्षेप रास्त आहे, पण तो वुडमनपेक्षा खेळाच्या व्यवस्थेवर जास्त लागू पडतो. हाँगकाँगच्या संघाचा तो पहिलाच विश्वचषक. ज्या देशांना वर्षाकाठी मोजकेच सामने मिळतात त्यांची बलाढ्य संघाशी गाठ एकदम विश्वचषकातच पडते, आणि गुणफलक असा लाजिरवाणा होतो. भारताचेच पाहा. पंधरा जणींच्या भारतीय महिला संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना 2018 मध्ये खेळला. पुण्याच्या वाहबिझ भरुचाच्या नेतृत्वाखाली पहिला विजय 2019 मध्ये मिळाला, सिंगापूरवर 21-19 असा. गुणवत्ता तिथेही आहे, नाहीत ते सामने. दुष्काळ वुडमनच्याही वाट्याला आला. ऑल ब्लॅक्स एका वर्षात डझनभर कसोट्या सहज खेळतात. तिच्या पहिल्या दहा वर्षांत पंधरा जणींच्या कसोट्या तीसही भरत नाहीत. उरलेली वर्षे सेव्हन्सची.

सेव्हन्सने तिला पगार दिला आणि मूळ खेळापासून लांबही नेले. 2018 मध्ये तिची टाच आणि पोटरी जोडणारा स्नायुबंध तुटला. नोकरी सांभाळून खेळणारी बाई अशा दुखापतीनंतर बहुधा घरी बसते. हिच्यामागे करार होता, म्हणून टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण घ्यायला ती मैदानात होती. पण त्याच काळात पंधरा जणींचा संघ, म्हणजे ब्लॅक फर्न्स, ऑगस्ट 2019 पासून ऑक्टोबर 2021 पर्यंत एकही कसोटी खेळला नाही. त्यानंतर युरोपात इंग्लंडकडून 43-12 आणि 56-15, फ्रान्सकडून 38-13 आणि 29-7 असे सलग चार पराभव झाले. इंग्लंडने 2017 च्या विश्वचषकानंतर पंधरा जणींचे करार नूतनीकरण न करता सेव्हन्सकडे मोर्चा वळवला होता. ती चूक ओळखून 2019 च्या जानेवारीत 28 खेळाडूंना पूर्णवेळ करार दिले. न्यूझीलंडचे करार 2018 पासून होते, पण अर्धवेळ. चार पराभवांतले सगळे अंतर या एका फरकाने भरून निघणार नाही, तरी मोठा वाटा त्याचाच असावा.

मग 2022 चा विश्वचषक न्यूझीलंडने जिंकला कसा, हा प्रश्न उरतो. वेन स्मिथ प्रशिक्षक झाले, हे एक उत्तर. दुसरे असे, की वुडमन, स्टेसी फ्लूलर, सारा हिरिनी, तुई या सेव्हन्सच्या पगारावर घडलेल्या खेळाडू संघात आल्या. ईडन पार्कवरच्या अंतिम सामन्यात अठराव्या मिनिटाला लिडिया थॉम्पसनच्या टॅकलमध्ये डोक्याला मार बसून वुडमन बाहेर गेली आणि थॉम्पसनला लाल कार्ड मिळाले. 30 सामने सलग जिंकलेला इंग्लंडचा संघ 34-31 असा हरला. 42,579 प्रेक्षक आले होते. बायकांच्या रग्बीला गर्दी होत नाही म्हणून पैसा नाही, असे सांगणाऱ्यांनी आधी पैसा आला की आधी गर्दी, हे या क्रमात तपासून पाहावे.

सर्वांत अवघड आक्षेप कॅनडाचा. 2024 मध्ये पॅरिसचे सुवर्ण घेऊन निवृत्त झालेली वुडमन 2025 च्या विश्वचषकासाठी परतली. उपांत्य फेरीत ब्लॅक फर्न्सना कॅनडाने 34-19 असे हरवले, आणि या कॅनडाच्या संघटनेला मोहिमेसाठी लोकवर्गणी काढावी लागली होती. म्हणजे पैसा हे काही सगळे नाही? कॅनडाची निवडयादी पाहिली तर त्यातल्या अनेक जणी इंग्लंडच्या क्लब-लीगमध्ये खेळत होत्या. त्यांना वर्षभर सामने आणि मोबदला मिळत होता, फक्त तो त्यांच्या देशाच्या तिजोरीतून येत नव्हता.