शेवटच्या कडव्यातले नाव

वामनदादा कर्डक आमच्या नाशिक जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांच्या अनेक गीतांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. जयंतीला नेमके तेच कडवे गाळलेले मी ऐकतो.

कॉपीराइट म्हणजे कॅसेट कंपनीची मालकी, असा आपल्याकडे समज आहे. १९५७ चा कायदा तसे म्हणत नाही. शाहिराने गीत वहीत उतरवले की हक्क त्याचा. नोंदणीची सक्ती नाही. (पगारी नोकरीत लिहिले तर गोष्ट निराळी.) लेखी, सहीनिशी दिल्याखेरीज तो दुसऱ्याकडे जात नाही. आणि विकला तरी कलम ५७ प्रमाणे ‘हे माझे’ म्हणण्याचा अधिकार उरतोच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला समान वाटाही करारात सोडून देता येत नाही.

वामनदादा २००४ साली गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत चालेल. आज चौथीत असलेली पोरे तोवर पन्नाशीला टेकतील.