आजीच्या नथीतले बसरा मोती

जुन्या तन्मणीतला किंवा नथीतला किंचित पिवळसर, टपोरा मोती दाखवताना मराठी घरांत ‘बसऱ्याचा आहे हो’ असं अजूनही अभिमानानं सांगतात. बसरा हे इराकमधलं बंदर. पण ज्यांना आपण त्या गावाच्या नावानं ओळखतो ते मोती निघत इराणच्या आखातातल्या उथळ पाण्यात, बहारीन आणि कतारपासून आजच्या संयुक्त अरब अमिरातीपर्यंत. अबू धाबीजवळच्या मरावाह बेटावर सापडलेला एक मोती तर सुमारे 8,000 वर्षांपूर्वीचा ठरला आहे. आज या मोत्यांकडे कुणी समुद्राची पैदास म्हणून पाहत नाही. संग्राहक त्यांच्यामागे असतात आणि जिनिव्हा-न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यांचे आकडे फुटतात. हे आकडे ठरतात कशावर? तेजावर आणि आकारावर, असं सराफ सांगेल. ते खरं असलं तरी अपुरं आहे. जुन्या मोत्याला आज जी किंमत येते ती मुख्यतः दोन गोष्टींची असते: असा माल आता जवळजवळ निघत नाही, आणि हा त्यातलाच आहे याचा पुरावा हातात आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी लॉरिमर यांनी तयार केलेल्या आखाताच्या गॅझेटियरमध्ये आजच्या अमिरातींच्या किनाऱ्यावरून मोत्यांसाठी निघणाऱ्या सुमारे 1,200 नावा आणि 22,000 माणसं नोंदली आहेत. मोठा हंगाम जून ते सप्टेंबर. पाणबुड्या नाकाला कासवाच्या कवचाचा चिमटा लावी, पायाला दगड अडकवी आणि तळाशी जाई. वर दोर धरून बसलेला गडी त्याला ओढून घेई. नावेच्या प्रमुखाला तिकडे नोखदा म्हणतात. आपल्या कोळ्यांचा नाखवा तोच, दोघांचं मूळ एकाच फारसी शब्दात. शिंपल्यांतून निघालेला माल ‘तवाश’ म्हणजे मोत्यांचा व्यापारी लाल कापडात बांधून घेई. तळाला भोकं पाडलेल्या पितळेच्या वाट्यांची एक चळत असे. एकीची भोकं दुसरीपेक्षा बारीक, त्यामुळे मोती आकारानुसार आपोआप वेगळे होत. मग तराजू. आणि इथं मुंबई येते, कारण आखातातले व्यापारी भाव करत ते मुंबईच्या ‘चव’ या मापात. रतीतल्या वजनाचा वर्ग करून, त्याला 55 नं गुणून 96 नं भागलं की एका मोत्याची चव निघते. वजन दुप्पट झालं तर चव चौपट. मोठा मोती किती दुर्मीळ, हे त्या हिशेबातच भरलेलं आहे. माल झवेरी बाजाराकडे यायचा, इथं विंधला जायचा, जोड लावून ओवला जायचा आणि मग संस्थानिकांकडे किंवा पॅरिसला. दुबईचा परदेशी बाजार म्हणजे त्या काळी प्रामुख्यानं मुंबई, आणि व्यवहाराचं नाणं रुपया.

आता किमतीचा पुरावा. 1917 साली कार्तिए या फ्रेंच जवाहिऱ्यानं न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरचा वाडा घेतला तो मोत्यांची दोन पदरी माळ आणि वर 100 डॉलर देऊन. माळेची किंमत धरली होती 10 लाख डॉलर. तीच माळ 1957 मध्ये लिलावात गेली तेव्हा दीड लाखाच्या आसपास आली. मोती तेच होते. मधल्या काळात जपानच्या मिकिमोतो यांचे कल्चर, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती बाजारात उतरले होते, 1929 ची मंदी येऊन गेली होती आणि पाहून खरा-कल्चर ओळखण्याचा भरवसा उरला नव्हता. आखातातले बेडे कल्चर मोती आणि मंदी या दोन तडाख्यांनी बसले. पुढं पन्नास वर्षांनी, 2007 साली, बडोद्याच्या गायकवाडांच्या खजिन्यातली 68 मोत्यांची दोन पदरी माळ न्यूयॉर्कला ख्रिस्टीजमध्ये सुमारे 71 लाख डॉलरला गेली. जुनेपणानंच भाव चढतो असं मानलं, तर 1957 चा आकडा समजत नाही. चढला तो नवा माल थांबल्यावर, आणि एक्स-रेनं शंका फेडता येते म्हणून. शिंपल्यात आपोआप वाढलेल्या मोत्यात कांद्यासारखे पापुद्रे थेट केंद्रापर्यंत दिसतात. कल्चर मोत्यात बहुधा मध्ये बसवलेली गोळी दिसते.

कुणी म्हणेल, हा भाव बडोद्याच्या नावाचा आहे. काही अंशी आहेच. बडोद्याच्याच खंडेराव महाराजांनी करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा 2009 मध्ये दोह्यात 54 लाख डॉलरवर गेला; त्यातले लाखो मोती सुटे विकले असते तर बारीक दाण्यांचा तो ढीग कोण विचारत होतं! पण नाव हाही पुराव्याचाच एक प्रकार आहे. माल कुठून कुठं गेला, याची ती नोंद. कल्चर मोती खोटा नसतो, हा दुसरा आक्षेपही रास्त आहे. थर तोच, शिंपला तोच, आणि रस अल खैमाच्या रम्समध्ये आज त्याची शेती चालते. अंगावर घालायला तो उत्तम. मात्र संग्राहक पैसे मोजतो ते पुन्हा न होणाऱ्या गोष्टीसाठी. तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो. हंगामाआधी उचल घेऊन पाणबुड्या कर्जात अडके, आणि बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. लिलावाच्या पुस्तिकेत राणीचं नाव असतं, बुडी मारणाऱ्याचं नसतं. याला उत्तर नाही. म्हणून मोत्यांबरोबर तराजू, वाट्या आणि नाकाचे चिमटे जपणारा संग्रह मला नुसत्या माळेपेक्षा मोलाचा वाटतो.

दुबईतल्या अल ओवैस या व्यापारी घराण्यानं जमवलेला मोत्यांचा संग्रह देरा भागात खाडीकाठच्या एमिरेट्स एनबीडी बँकेच्या मुख्यालयात ठेवलेला आहे. मोती विकण्याऐवजी राखले गेल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. आपल्याकडे ते राखले गेले ते नथी-बुगड्यांत, आणि जातात ते बहुतेकदा सोन्याच्या भावानं दागिना मोडताना, मोती बिनहिशेबी. तेव्हा आजीचा दागिना मोडायला काढलात तर मोती आधी उतरवून घ्या, पिवळे पडले म्हणून घासूनपुसून पांढरे करू नका, आणि रत्नपरीक्षा प्रयोगशाळेतून एक्स-रे काढून घेतल्याशिवाय कुणाला देऊ नका.