तेरा चाली, दोन काळ

28 डिसेंबर 1958 रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर जॉनी युनायटसने न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध 13 चालींत 80 यार्ड कापले आणि बाल्टिमोर कोल्ट्सला जादा वेळेत अजिंक्यपद मिळवून दिलं. 11 फेब्रुवारी 2024 रोजी लास वेगासमध्ये पॅट्रिक महोम्सनेही सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नाइनर्सविरुद्ध 13 चालींतच 75 यार्ड कापले आणि कॅन्सस सिटी चीफ्सला सुपर बोल जिंकून दिला, तोही जादा वेळेत. अमेरिकी फुटबॉलमध्ये ‘सर्वांत थोर क्वार्टरबॅक कोण’ हा वाद निघाला की लोक आकड्यांचे तक्ते उघडतात. मी हे दोन ड्राइव्ह, म्हणजे सलग चालींच्या या दोन मालिका, उघडतो. शेजारीशेजारी लावायचे, प्रत्येक चालीआधी थांबवायचे आणि चेंडू सोडून फक्त क्वार्टरबॅककडे पाहायचं.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलं की आणखी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न म्हणजे आधी आखलेली एक चाल. चेंडू पहिल्यांदा क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो धावणाऱ्याकडे द्यायचा, पुढे फेकायचा की स्वतःच पळायचं, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात त्याला पाडायला चार-पाच धिप्पाड माणसं धावून येत असतात.

पहिला फरक चाल सुरू होण्याआधीच दिसतो. कृष्णधवल चित्रणात कोल्ट्सचे खेळाडू वर्तुळ करून वाकलेले असतात आणि मधे युनायटस बोलत असतो. पुढची चाल कोणती, हे तोच ठरवतो. प्रशिक्षक वीब यूबँक कडेला उभे असतात. 2024च्या चित्रणात महोम्स शिरस्त्राणाच्या कानांवर हात दाबून उभा असतो. त्याच्या कानात रेडिओ असतो आणि प्रशिक्षक अँडी रीड यांनी निवडलेली चाल त्यावरून त्याच्यापर्यंत येते. ही सोय 1994मध्ये आली. चाल सुरू करायच्या घड्याळात 15 सेकंद उरले की रेडिओ बंद होतो आणि पुढचं सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येतं.

यावरून ‘जुने स्वतः विचार करायचे, नवे सांगितलेलं करतात’ असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. क्लीव्हलंड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन 1950च्या दशकातच एकेका खेळाडूला निरोप्या करून मैदानात पाठवत आणि चाल कळवत. 1956मध्ये त्यांनी क्वार्टरबॅक जॉर्ज रॅटरमनच्या शिरस्त्राणात रेडिओसुद्धा बसवून पाहिला होता. व्यावसायिक लीगने (एनएफएल) तो लगेच बंद पाडला. याच ब्राउन्सच्या क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहमने दहा हंगामांत दहा वेळा अंतिम सामना गाठला आणि सात अजिंक्यपदं मिळवली. चाल कडेवरून आली म्हणून त्याचं काम हलकं झालं नव्हतं.

आता 1958च्या ड्राइव्हमधल्या मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या दोन चाली पाहू. युनायटस नुकताच पाडला गेला आहे आणि तिसऱ्या प्रयत्नात 15 यार्ड हवे आहेत. तो रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, रेमंड बेरी याला 21 यार्डांचा पास देतो. सरावानंतर मागे थांबून या दोघांनी तासन्‌तास पावलं आणि फेक यांचा मेळ घातला होता, त्यामुळे बेरी वळण्याआधीच चेंडू हातातून सुटलेला असतो. बेरीने त्या दिवशी 12 पास झेलले. त्याचा हा धाक जायंट्सच्या सॅम हफला बसला होता. तो मधला लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू, पण बेरीचा रस्ता अडवायला चार पावलं मागे सरकून उभा राहू लागला. युनायटसने ते हेरलं आणि पुढच्याच चालीत चेंडू हफने रिकाम्या केलेल्या जागेतून ॲलन अमीचीकडे धावायला दिला. अमीचीने वीसहून जास्त यार्ड कापले. जायंट्सचा बचाव त्यांचे बचाव-प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी बांधला होता. तो बांधीव बचाव युनायटसने एका माणसाच्या चार पावलांवरून उलगडला.

2024मध्ये परिस्थिती वेगळी आहे. चीफ्स 22-19ने मागे आहेत. 1958च्या नियमानुसार जो आधी गुण करेल तो जिंकणार होता. आता फोर्टी नाइनर्सनी आधी तीन गुण घेतले असले, तरी चीफ्सना एक संधी हक्काने मिळते. तीन गुणांत बरोबरी, टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला, तर विजय, आणि चौथा प्रयत्न फसला तर सगळं संपलं. त्याच चौथ्या प्रयत्नात एक यार्ड हवा असताना महोम्स धावणाऱ्याला चेंडू देण्याचा आव आणतो. कडेचा बचावपटू आत झेपावतो, महोम्स चेंडू स्वतःकडेच ठेवतो आणि आठ यार्ड पळतो. पुढे तिसऱ्या प्रयत्नात पासची वाट बंद दिसताच तो मधून 19 यार्ड काढतो. शेवटी रिसीव्हर मेकोल हार्डमन आतल्या बाजूला सरकू लागतो, अचानक उलटा फिरतो, त्याच्यावरचा माणूस गोंधळतो आणि तीन यार्डांचा सोपा पास सामना संपवतो. हार्डमनची ही वाट रीड यांच्या कागदावर आखलेली होती. त्याआधीच्या दोन धावा मात्र महोम्सने त्या क्षणी समोरचं पाहून काढल्या.

दोन्ही ड्राइव्हमध्ये कामाचा गाभा एकच दिसतो. बचावातला एक माणूस निवडायचा, तो जे करेल ते चूक ठरावं अशी जागा त्याच्यापुढे ठेवायची आणि त्याच्या पहिल्या पावलाची वाट पाहायची. युनायटस ते पाऊल दोन चालींच्या मधे वाचतो, महोम्स चाल सुरू असताना.

आकड्यांचं काय, तर ते कोणत्या नियमांखाली जमले हे आधी विचारायला हवं. हेल्मेटशिवाय वेगवान माऱ्यापुढे उभा राहणारा गावसकर आणि आजचा सलामीवीर यांची तुलना करताना आपण नुसत्या सरासरीवर निकाल देत नाही, तसंच हे. युनायटसच्या काळात चेंडू हातातून सुटेपर्यंत रिसीव्हरला ढकलणं, अडवणं चालत असे. क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्यांना हात पसरून समोरच्याला रोखायची मुभा नव्हती. 1978मध्ये दोन्ही बदललं. रिसीव्हरला फक्त पहिल्या पाच यार्डांत धक्का देता येऊ लागला आणि रक्षकांचे हात मोकळे झाले. 1984मध्ये डॅन मरिनोने एका हंगामात 5,084 यार्ड फेकले. त्याआधी 1967मध्ये जो नेमथने 4,007 यार्ड फेकले होते, तेही 14 सामन्यांत आणि जुन्या नियमांत. त्या हंगामात त्याचे 28 पास प्रतिपक्षाने झेलले. आजच्या क्वार्टरबॅकला एवढ्या चुकांवर जागा टिकवणं कठीण जाईल. नेमथच्या काळात लांब फेक हा जोखमीचा सौदा होता आणि सगळेच तो करत.

लीगचं ‘पासर रेटिंग’ 1973मध्ये आलं. तेव्हाचा सरासरी खेळ 66.7 गुणांचा भरावा अशी त्याची मोजपट्टी होती. पट्टी तीच राहिली, खेळ बदलला, आणि आज लीगची सरासरी नव्वदच्या आसपास असते. या पट्टीवर 1958च्या अंतिम सामन्यातला युनायटस (40 पैकी 26 पास, 349 यार्ड, एक टचडाउन, एक पास प्रतिपक्षाच्या हाती) 90.5 गुण मिळवतो. 2024चा महोम्स (46 पैकी 34, 333 यार्ड, दोन टचडाउन, एक पास प्रतिपक्षाच्या हाती) 99.3 मिळवतो. नुसते आकडे वाचले तर महोम्स पुढे. प्रत्येकाला त्याच्या समकालीनांशेजारी उभं केलं तर युनायटस सरासरीच्या फार वर आहे आणि महोम्स थोडासा वर.

तरीही या गणितावर मी थांबत नाही, कारण पट्टीला धावा दिसत नाहीत. महोम्सच्या त्या दोन निर्णायक धावांची पासर रेटिंगमध्ये नोंदच नाही. तशीच हफच्या चार पावलांचीही नाही, कारण अमीचीने कापलेले यार्ड अमीचीच्या नावावर जमा होतात. क्वार्टरबॅकचं सर्वांत मौल्यवान काम असं वारंवार दुसऱ्याच्या खात्यात जातं किंवा कुठेच लिहिलं जात नाही. ते कळायला चित्रण पाहावं लागतं, तेही थांबवून.

म्हणून माझा निकाल दोन भागांत येतो. पूर्ण सामना डोक्यात बांधण्याच्या कामात युनायटस मला सर्वांच्या पुढे दिसतो. त्याने चाली स्वतः निवडल्या आणि नियमांचा आधार जवळजवळ नसताना त्या पार पाडल्या. मोडलेल्या चालीतून नवी चाल घडवण्याच्या कामात महोम्सइतका समर्थ माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्याच्यापुढचे बचावपटू युनायटसच्या काळातल्यांपेक्षा मोठे, वेगवान आणि दिशाभूल करण्यात कितीतरी तरबेज आहेत. ही दोन वेगवेगळी कौशल्यं आहेत. एकात दुसरं मिसळून ‘सर्वश्रेष्ठ’ असा एकच किताब काढला, तर दोघांच्याही कामाचा अर्धा भाग आपण पुसून टाकतो.