दिवाळखोरीचा वकील निवडताना : आधी दार ओळखा

नागपूर विमानतळाला लागून मिहान प्रकल्प उभा राहिला. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही अशा गावांच्या परिसरात संगणक कंपन्या आल्या, विमान दुरुस्तीचे केंद्र आले, एम्स रुग्णालय आले. या बांधकामांबरोबर वेल्डिंग, फर्निचर, रंगकाम, वायरिंग, मालवाहतूक अशी कामेही आली. अशी कामे बहुधा उधारीवर चालतात. मोठा ठेकेदार बिल अडवतो, लहान कारागीर लोखंड-लाकूड उधार उचलतो, वरून बँकेचा हप्ता असतो. एक बिल बुडाले की सारी साखळी तुटते. मग माणूस दुकानाचे शटर खाली ओढून घरात बसतो, फोन बंद ठेवतो आणि वकिलाकडे जातो तो जप्तीची नोटीस दारावर लागल्यावर.

तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी हा विषय वेळीच समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते. दिवाळे निघणे हा गुन्हा नाही. मालमत्ता लपवणे आणि खोट्या वह्या करणे हा मात्र गुन्हा आहे.

वकील शोधताना बहुतेक जण विचारतात, 'मोठा वकील कोण?' खरा प्रश्न असा आहे की, आपले प्रकरण कोणत्या दारात जाणार? दार ठरले की त्या दारात रोज उभा राहणारा वकील शोधणे सोपे जाते.

पहिले दार जिल्हा न्यायालयाचे. एकट्याच्या मालकीचे दुकान, कारखाना किंवा भागीदारीची पेढी असेल तर मुंबई शहराबाहेरच्या महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू पडतो. आपण जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्याच न्यायालयात अर्ज करावा लागतो. त्यामुळे मिहान परिसरातल्या कारागिराला नागपूरचाच वकील उपयोगी पडेल. न्यायालयाने नादार ठरवले की धनकोंना परवानगीशिवाय वेगवेगळे दावे लावता येत नाहीत. मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसिव्हरच्या ताब्यात जाते. पण कारागिराची अवजारे, आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना दिवाणी कायद्याचे संरक्षण आहे. बँकेकडे तारण ठेवलेल्या मालावर मात्र बँकेचा हक्क कायम राहतो. सरकारी देणे आणि फसवणुकीने केलेले कर्जही माफ होत नाही. चेक परत गेल्याचा फौजदारी खटला या अर्जाने आपोआप संपतो, असेही कोणी समजू नये.

दुसरे दार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे. ते प्रायव्हेट लिमिटेड किंवा लिमिटेड कंपनीसाठी. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे महाराष्ट्रातील कंपन्यांची प्रकरणे मुंबई पीठापुढे जातात. मिहानमध्ये फूड पार्क उभारणाऱ्या पतंजलीने रुची सोया ही कंपनी याच संहितेतून मिळवली. २०१७ साली रुची सोया दिवाळखोरीत गेली आणि २०१९ साली पतंजलीचा ४,३५० कोटी रुपयांचा प्रस्ताव मंजूर झाला. बँकांचे दावे तर नऊ हजार कोटींच्या वर होते. बँकांचेच निम्म्याहून अधिक पैसे बुडतात तिथे उधारीने माल देणाऱ्या लहान व्यापाऱ्याच्या हाती काय लागणार, याचा विचार करावा. आपली येणी असलेली कंपनी तिथे गेली तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. त्या मुदतीत दावा दाखल करणे हेच आपल्या हातात असते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. २४ मार्च २०२० पासून एक कोटी रुपयांपेक्षा कमी थकबाकीसाठी कंपनीविरुद्ध हा नेहमीचा अर्ज करता येत नाही. चार लाखांच्या बिलासाठी 'कंपनीला दिवाळखोरीत खेचतो' असे सांगणारा वकील आपले काम करणार नाही, हे ओळखावे. दुसरे म्हणजे, कंपनीच्या कर्जाला आपण वैयक्तिक जामीन राहिलो असू तर डिसेंबर २०१९ पासून जामीनदारही या संहितेखाली येतो. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. भाऊबंदाच्या कंपनीसाठी भिडेखातर सही करणाऱ्यांनी हे विसरू नये.

तिसरे दार कर्जवसुली न्यायाधिकरणाचे. ते नागपुरातच आहे. घर किंवा दुकान गहाण असेल आणि बँकेने २००२ च्या सरफेसी कायद्याखाली नोटीस दिली असेल तर पैसे भरायला ६० दिवस मिळतात. या काळात लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायला हवे. बँकेने ताब्याची कारवाई केली तर ४५ दिवसांत न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. अशा प्रकरणात एकेक दिवस मोलाचा असतो.

चौथे दार अनेकांना माहीतच नसते. पुष्कळदा आपण दिवाळखोर नसतो, आपले पैसे अडकलेले असतात. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे बिल ४५ दिवसांच्या आत चुकते करावे, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते आणि तक्रार सुविधा परिषदेकडे नेता येते. म्हणून मिहानचे काम हाती घेण्याआधीच नोंदणी करून घ्यावी.

दार ठरल्यावर दोन-तीन वकिलांना भेटावे आणि सरळ प्रश्न विचारावेत. या न्यायालयात अशी किती प्रकरणे चालवली? आमच्या बाबतीत कोणता कायदा लागतो, आणि का? घर वाचेल का? तारखेला स्वतः येणार की सहायक पाठवणार? फी एकदम की टप्प्याटप्प्याने, आणि पावती मिळेल का? जो वकील धोकेही सांगतो त्याच्यावर अधिक भरवसा ठेवावा. हमखास निकालाची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. वकिलाची सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची आहे का, हे पाहण्यात संकोच नसावा. वसुलीत टक्का मागणे वकिलांच्या नियमांत बसत नाही. न्यायालयाच्या फाटकाशी गाठणाऱ्या दलालामार्फत वकील करू नये आणि कोऱ्या कागदावर सही देऊ नये. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो.

एक सल्ला मात्र कोणी दिला तरी ऐकू नये. 'घर बायकोच्या नावाने करून टाका, मशीन मेहुण्याकडे ठेवा' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. १९२० च्या कायद्याप्रमाणे नादार ठरण्याआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय दिलेली मालमत्ता रिसिव्हर परत मागू शकतो. शेवटच्या तीन महिन्यांत एखाद्याच धनकोला मुद्दाम झुकते माप दिले तर तेही रद्द होऊ शकते.

वकिलाकडे जाताना सर्व येणी-देणी, बँकेची पत्रे, बिले, जीएसटीचे कागद आणि गहाणखते बरोबर न्यावीत. आपल्या वकिलापासून काही लपवू नये. तडजोडीचा मार्गही आधी विचारावा. संख्येने निम्म्याहून अधिक आणि रकमेने तीन-चतुर्थांश धनको मान्य असतील तर नादारीच्या प्रकरणातही न्यायालयाच्या मंजुरीने तडजोड होऊ शकते. देणेकऱ्याला सवलत द्यावी आणि व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. ती पाळली तर पुष्कळ प्रकरणे वकिलापर्यंत जाणारच नाहीत. ज्यांची जातील त्यांनी पहिली नोटीस हाती पडताच उठावे.