साथ ओसरल्यावर मजुरीचे काय झाले?

१८९७ सालच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरणीमालकांवर कधी नव्हे ती वेळ आली. कापूस गोदामात पडून होता, बॉयलर पेटवता येत होते, पण साच्यावर उभे राहायला माणूस मिळत नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले होते. त्यानंतरच्या काही महिन्यांत आठ लाखांच्या या शहरातून निम्म्याच्या आसपास लोक निघून गेले. कोकणातल्या कामगाराने रत्नागिरीची वाट धरली, घाटावरच्याने साताऱ्याची. खोलीत उंदीर मरून पडलेला दिसला की बिऱ्हाड हलायचे.

गिरणीतल्या पगाराची रीत कामगाराला जखडून ठेवणारी होती. महिना भरला की लगेच पैसे हातात पडत नसत. पगार पुढच्या महिन्यात, दोन-दोन आठवडे उशिरा होई. दरम्यान वाणी उधारीवर धान्य देई आणि त्यावर व्याज चढे. मधेच काम सोडले तर अडकलेल्या पगारावर पाणी सोडावे लागे. प्लेगने ही गाठ सैल केली. उद्या आपण जिवंत असू की नाही याचीच खात्री नव्हती, म्हणून मागे राहिलेला कामगार आजची मजुरी आज संध्याकाळीच मागू लागला. मालकांनी एकजुटीने नकार देण्याचा प्रयत्न करून पाहिला, पण शेजारची गिरणी रोजचे पैसे रोज देते म्हटल्यावर ती एकजूट किती टिकणार? नाक्यानाक्यावर कामगारांसाठी बोली लागू लागली. ज्याला जॉबरच्या, म्हणजे कामावर घेणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर दिवस काढावे लागत, तोच कामगार काही आठवड्यांपुरता आपला भाव आपण सांगत होता.

साथ ओसरली, गावाकडची माणसे परतली आणि रोजच्या पगाराची पद्धत मागे पडली. कामगारांच्या हाती आलेली ही संधी टिकवून धरणारी बळकट संघटना तेव्हा नव्हती. रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. महिनाभरात, १० मार्चला, पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. गरिबांच्या बाजूने बोलणारी माणसेही त्याच साथीत गेली, ही त्या वर्षाची फार मोठी हानी आहे.

साथीमुळे माणसे कमी झाली की श्रमाची किंमत वाढते आणि विषमता घटते, असा एक सिद्धांत इतिहासकार आणि अर्थशास्त्रज्ञ वारंवार मांडतात. त्याचा मुख्य आधार चौदाव्या शतकातला युरोप. १३४८ मध्ये प्लेग इंग्लंडात पोचला आणि एक तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या घेऊन गेला. कापणीला मजूर मिळेनात, तेव्हा त्यांनी दर वाढवला. राजा तिसरा एडवर्ड याच्या सरकारने १३४९ मध्ये हुकूम काढला आणि १३५१ मध्ये कायदाच केला: मजुरी प्लेगच्या आधी होती तेवढीच राहील, ठरलेले काम अर्धवट सोडता येणार नाही, आणि ऐकले नाही तर खोड्यात पाय. तरीही मजुरी वाढत गेली, कारण जमीनदारच चोरून जास्त पैसे मोजत होते. १३८१ मध्ये शेतकऱ्यांचे मोठे बंड झाले. ते चिरडले गेले, पण पंधराव्या शतकातला इंग्रज मजूर आपल्या आज्यापणज्यापेक्षा बरे खात होता, एवढे नक्की.

पण पूर्व युरोपात उलटे घडले. तिथेही माणसे कमी पडली, तेव्हा जमीनदारांनी कुळांना जमिनीशी आणखी घट्ट बांधून घेतले आणि वेठबिगारी पुढची कित्येक शतके टिकली. १६३० च्या सुमारास उत्तर इटलीत पुन्हा भयंकर प्लेग आला, पण या वेळी श्रीमंतांची संपत्ती विखुरली नाही. मालमत्तेची वाटणी होऊ नये अशी वारशाची तजवीज मोठ्या घराण्यांनी मधल्या काळात करून ठेवली होती. माणसे मरण्याने आपोआप समता येत नाही. मजुराला काम सोडून जाता येते का आणि कायदा कोणाच्या हातात आहे, यावर सगळे ठरते.

मुंबईत कायदा कोणाच्या हातात होता, हे प्लेगने उघड केले. साथरोग कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये आला आणि घरात शिरून तपासणी करण्याचा, माणसे उचलून नेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याचा जाच सर्वांत जास्त चाळींतल्या लोकांना झाला. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली आणि पाठोपाठ गोदीतले कामगार व गाडीवान संपावर गेले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. हवा खेळू लागली हे खरे, पण पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या उभ्या राहायला फार वेळ लागला. घर गेलेले लोक शेजारच्या गल्लीत, आणखी दाटीत, जास्त भाड्याने राहू लागले.

१९१८ च्या मानमोडीने, म्हणजे इन्फ्लूएंझाच्या साथीने, विषमतेचा आकडाच समोर ठेवला. त्या साथीत मुंबईतल्या युरोपियनांमध्ये हजारी ८.३, पारशांमध्ये ९ मृत्यू झाले. तेव्हाच्या नोंदींत ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हणून दाखवलेल्या लोकांमध्ये हजारी ६१.६. शहर एकच, रोगही एकच, मरणाचे प्रमाण मात्र सातपट. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला, युद्धामुळे धान्य आणि कापड महागले होते आणि गिरण्या मात्र भरघोस नफ्यात होत्या. जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाचे श्रेय एकट्या साथीला देणे चुकीचे ठरेल; महागाईचा वाटा त्यात फार मोठा होता. पण घरातली माणसे गमावून कामावर परतलेल्या लोकांचा तो संप होता, हेही विसरता येत नाही. पुढच्याच वर्षी मुंबईत आयटक या देशव्यापी कामगार संघटनेची स्थापना झाली.

मग २०२० ची कोविडची साथ. या वेळी मजूर कमी पडले नाहीत, कामच एका रात्रीत थांबले. २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांनी देश बंद झाला. ज्यांचे काम लॅपटॉपवर होत होते त्यांचे पगार बहुतांशी चालू राहिले. हातावर पोट असलेल्यांचे पोटच बंद झाले. जुलैमध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे सापडली, इमारतींमध्ये १६ टक्क्यांमध्ये. ८ मेच्या पहाटे जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. सप्टेंबरमध्ये सरकारने संसदेत सांगितले की सुमारे एक कोटी चार लाख मजूर आपापल्या राज्यांत परतले. वाटेत किती मेले याची नोंद नाही. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांची नोंद ठेवायला सांगणारा कायदा १९७९ पासून या देशात होता.

चौदाव्या शतकातले इंग्लंड इथे पुन्हा भेटते. मे २०२० मध्ये कर्नाटक सरकारने मजुरांच्या परतीच्या रेल्वेगाड्या रद्द करायला सांगितले, तेही मुख्यमंत्र्यांची बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाली त्याच दिवशी. टीका झाल्यावर निर्णय फिरवावा लागला, पण मजूर गेला तर इमारत कोण बांधणार, ही काळजी लपली नाही. उत्तर प्रदेशाने बहुतेक कामगार कायदे तीन वर्षे स्थगित करणारा अध्यादेश मंजूर केला. गुजरातने बारा तासांची पाळी आणि जादा वेळेला दुपटीऐवजी साधाच दर अशी अधिसूचना काढली. सर्वोच्च न्यायालयाने ती १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केली. साथीच्या नावाखाली मजुराच्या हक्काला हात घालायचा, ही रीत सहाशे सत्तर वर्षांनीही तशीच आहे, आणि तिची चीड यायलाच हवी.

गावी परतलेल्यांना रोजगार हमीने तगवले. २०१९-२० मध्ये देशात या योजनेखाली सुमारे २६५ कोटी मनुष्यदिवस काम झाले होते, २०२०-२१ मध्ये ३८९ कोटी. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने जी कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवून दाखवली, तिने अर्ध्या शतकानंतर देशभरच्या चुली पेटत्या ठेवल्या. पण शेतीवर अवलंबून असणाऱ्यांचे प्रमाण पुन्हा वाढले. कित्येक वर्षे लोक शेतीतून बाहेर पडत होते. ते परत तिथेच आले आणि त्याच तुटपुंज्या उत्पन्नात आणखी वाटेकरी झाले.

आशाताईंची, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकांची, गोष्ट वेगळी, आणि कमी क्लेशाची नाही. घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरणाऱ्या या बायकांना पगार नाही, मोबदला आहे. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांनी संप केला, तेव्हा त्यांना महिना हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मिळाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा गौरव केला. कर्मचारी म्हणून मान्यता मात्र त्या अजून मागतच आहेत.

साथीच्या पहिल्या वर्षात मजुरांनी बोलीचा भाव वाढवून घेतल्याचे एक उदाहरण महाराष्ट्रात आहे, ते ऊसतोड कामगारांचे. मार्च-एप्रिल २०२० मध्ये बीड, नगरकडचे लाखाहून अधिक तोडणी मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आवारात, फडात, कोप्यांमध्ये अडकून पडले होते. गाळप संपले होते आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटलेली असो वा नसो, गावी जायची परवानगी नव्हती. ती एप्रिलच्या मध्यावर मिळाली. पुढच्या हंगामाच्या तोंडावर संघटनांनी ‘कोयता बंद’ची हाक दिली. ऊस उभा होता, पाऊसपाणी चांगले झाले होते, कारखान्यांना तोडणी हवीच होती. ऑक्टोबरच्या अखेरीस मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये बैठक झाली आणि तोडणीच्या दरात सरासरी १४ टक्के वाढ ठरली. मागणी याहून बरीच जास्त होती. तरी एक फरक होता: १८९७ च्या गिरणी कामगाराला मिळालेली सवलत माणसे परतताच विरली. या दरवाढीच्या मागे मात्र संघटना होत्या, लेखी करार होता, आणि दिवाळीआधी बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कारखान्यांच्या वाटेला लागले.