मॉरिशस : छोटं बेट, मोठा भरवसा



आपल्या बचत गटात नवी बाई यायची असली, की ती आधी काय विचारते? वही कोण लिहितं, बैठक वेळेवर होते का, अडचणीला पैसे मिळतात का. गटातल्या बायकांची शेती किती एकर, हे ती विचारत नाही. परदेशातला पैसेवाला दुसऱ्या देशात कारखाना काढायला निघतो, तेव्हा तोही बरंचसं असंच पाहतो. आज आपण मॉरिशस या देशाची गोष्ट ऐकू.

मॉरिशस हिंदी महासागरात आहे, मादागास्करच्या पूर्वेला. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्यापेक्षाही लहान. लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. जमिनीत ना सोनं, ना तेल, ना कोळसा. मात्र भोवतालचा जो समुद्र या देशाच्या हक्काचा आहे, तो सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर भरतो.

तिथं आपलीही माणसं आहेत बरं का! १८३४ पासून इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले, उसाच्या मळ्यांत राबायला. त्यांत कोकणातली कुटुंबंही होती. राजधानी पोर्ट लुईमध्ये ते जिथं उतरले, तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा म्हणून जपलेला आहे. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते.

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा परिस्थिती बिकट होती. सगळा भार एका उसावर. त्यात चक्रीवादळं यायची. वाढत्या माणसांना काम कुठून द्यायचं, हा घोर होता. जेम्स मीड नावाच्या मोठ्या अर्थतज्ज्ञांनी तर स्वातंत्र्याआधीच सांगितलं होतं, की या देशाचं कठीण दिसतं.

मग त्यांनी काय केलं? १९७० साली कायदा केला. जो कारखाना माल परदेशी पाठवेल, त्याला करात सवलत आणि बाहेरून आणलेल्या कच्च्या मालावर जकात माफ. हाँगकाँगसारख्या ठिकाणाहून कापड आणि तयार कपड्यांचे कारखानदार आले.

पण सवलत तर कोणीही देतो. मग मॉरिशसच का? एक म्हणजे तिथं सरकार मतपेटीतून बदलतं, बंदुकीतून नाही. देशाला वेगळं सैन्यच नाही. दुसरं, भांडण झालं तर कोर्टात दाद मागता येते, आणि शेवटचं अपील आजही लंडनपर्यंत नेता येतं. तिसरं, घरी क्रिओल बोलणारी माणसं शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच शिकतात, त्यामुळे युरोपच्या व्यापाऱ्याशी थेट बोलता येतं. थोडक्यात, आज दिलेला शब्द उद्या फिरणार नाही, असा भरवसा वाटला.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. त्या शिलाई कारखान्यांत बहुतेक कामगार बायकाच होत्या. कित्येकींच्या हातात पहिल्यांदाच स्वतःचा पगार आला. पण सुरुवातीला बायकांचं किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी ठरवलेलं होतं. ‘स्वस्त मजुरी’ म्हणून ज्याची जाहिरात होते, ती कोणाची तरी कमी मजुरी असते, हे लक्षात ठेवा.

पुढे २००५ मध्ये कापडाच्या जागतिक व्यापारातले जुने कोटे संपले. दुसरीकडे माल स्वस्तात होऊ लागला, तसे बरेच कारखाने बंद पडले, काही उठून गेले. हजारो बायकांचं काम सुटलं. बाहेरून आलेला पैसा पाहुण्यासारखा असतो. पाहुणा येतो, तसा जातोही.

मग मागे काय उरलं? शिक्षण. १९७७ पासून मॉरिशसमध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झालं. कपड्यांचे कारखाने घटले, तरी शिकलेल्या पिढीला बँका, हॉटेलं आणि संगणकाच्या कंपन्यांत वाट मिळाली.

एक गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. एकाच कमाईवर दोन्हीकडे कर लागू नये, म्हणून १९८२ साली भारत आणि मॉरिशस यांच्यात करार झाला. मॉरिशसमधून आलेल्या गुंतवणूकदारानं इथले शेअर नफ्यात विकले, तर भारत त्या नफ्यावर कर घेत नसे, आणि तिथं तो कर नव्हताच. मग कित्येकांनी तिथं नुसता कंपनीचा पत्ता घेतला आणि त्या वाटेनं भारतात पैसा आणला. आपल्या सरकारचा कर बुडायचा. अखेर २०१६ मध्ये करार बदलला. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरच्या नफ्यावर आता भारत कर लावू शकतो.

तर मैत्रिणींनो, मॉरिशसकडे पैसा आला तो भरवशामुळे आणि सवलतीमुळे. त्यातली सवलत दुसराही देऊ शकतो. भरवसा आणि शिकलेली लेकरं मात्र कोणी उचलून नेत नाही.

पुढच्या बैठकीत एवढं बोला : आपल्या भागात कारखाना येणार असं कळलं, तर आपण काय काय विचारू? मजुरी किती, बाईला पुरुषाइतकी का, पाणी कुठलं घेणार, आणि तो उद्या गेला तर आपल्या हातात कोणतं काम उरेल? उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा.